निर्वासितांसाठी जर्मन विद्यापीठाची वाट: कुठे मोकळी, कुठे अडते

पुण्या-नाशिकहून जर्मनीला शिकायला गेलेल्या प्रत्येकाला तीन शब्द पाठ असतात: एपीएस (भारतीय प्रमाणपत्रांची पडताळणी), ब्लॉक्ड अकाउंट आणि युनी-असिस्ट (परदेशी अर्जांची तपासणी). सीरिया, अफगाणिस्तान, इरिट्रिया किंवा युक्रेनमधून आश्रयाला आलेल्या मुलामुलींच्या वाट्याला त्यांतला फक्त तिसरा येतो. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये अडकवून ठेवायचे नसतात. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नसते. आणि शाळेचं शेवटचं प्रमाणपत्र पळापळीत हरवलं असलं, तरी प्रवेशाचा रस्ता नियमांत ठेवलेला आहे. इतकी मोकळी व्यवस्था फार थोड्या देशांत आहे. तरीही चांगली हुशार मुलं मध्येच थांबतात, आणि बहुतेक जण त्याच तीन-चार ठिकाणी थांबतात.

हे परीक्षण मुख्यतः त्या ठिकाणांचं आहे. जर्मनीत राहणारी मराठी माणसं भाषेच्या वर्गात याच मुलांच्या शेजारी बसतात, ओळख झाली की त्यांचे फॉर्म भरायला मदत करतात. त्यांच्या हाती नेमकी माहिती असावी, म्हणून इतक्या तपशिलात लिहीत आहोत. मत आधीच सांगतो: प्रवेशाचे नियम उत्तम, पैशांची सोय चांगली, पण सांध्यावर निखळणारी, भाषेची तयारी सगळ्यांत कच्ची.

कागदपत्रं

सुरुवात आनाबिनपासून करावी. सोळा राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेचा हा मोफत डेटाबेस आहे. देश निवडला, की तिथलं शालान्त प्रमाणपत्र जर्मन शालान्त परीक्षेच्या, म्हणजे आबिटुअरच्या, बरोबरीचं धरतात, की आधी वर्षभर पूर्वतयारीचा वर्ग करावा लागतो, हे कळतं. पदवी हाती असेल तर विद्यापीठाच्या नावापुढे एच प्लस आहे का ते पाहायचं. असेल तर संस्था मान्य. इथेच एक खर्चिक चूक होते. नोकरीसाठी लागणारं पदवी-मूल्यांकनाचं प्रमाणपत्र लोक पैसे भरून आधीच काढून ठेवतात. विद्यापीठाच्या प्रवेशाला ते सहसा लागत नाही. ती तपासणी विद्यापीठ स्वतः करतं किंवा युनी-असिस्टकडून करून घेतं.

युनी-असिस्ट ही बर्लिनची संस्था सुमारे १७० विद्यापीठांसाठी परदेशी गुणपत्रिका तपासते. सत्रातल्या पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येक अर्जाला ३०. निर्वासितांसाठी शुल्कमाफी २०१६ मध्ये सुरू झाली, पण ती आपोआप लागत नाही. अर्ज करण्याआधी त्या सत्रात माफी चालू आहे का आणि तिच्या अटी काय हे वाचावं आणि आश्रयाच्या कागदाची प्रत जोडून माफी मागावी. आधी पैसे भरून मग परत मागू, असा विचार करू नये.

दोन गोष्टी पहिल्या दिवशीच समजावून सांगाव्यात. एक, युनी-असिस्ट प्रवेश देत नाही, फक्त कागद तपासते, निर्णय विद्यापीठाचा. दुसरी जास्त महत्त्वाची. काही विद्यापीठांना युनी-असिस्टकडून फक्त पूर्वतपासणीचा दाखला हवा असतो, ज्याला सगळे व्हीपीडी म्हणतात. तो दाखला ईमेलवर येतो आणि मुलांना वाटतं, अर्ज झाला. झालेला नसतो. तो दाखला घेऊन विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर मुदतीच्या आत वेगळा अर्ज करायचा असतो. पूर्ण पात्र असूनही सत्र हातातून जाण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

गुणांचं रूपांतर एका ठरलेल्या सूत्राने होतं. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. १०० पैकी ८० गुण असतील आणि ५० ला पास असेल, तर २० भागिले ५० म्हणजे ०.४, त्याची तिप्पट १.२, अधिक एक म्हणजे २.२. जर्मनीत १ सर्वांत चांगला, ४ जेमतेम पास. पासची मर्यादा चुकून ६० धरली गेली, तर त्याच ८० गुणांचे २.५ होतात, आणि मर्यादित जागांच्या विषयात एवढ्या फरकाने यादीत नाव येतं किंवा जातं. म्हणून गुणपत्रिकेच्या मागे छापलेली गुणांकनाची माहितीही भाषांतरित करून घ्यावी. भाषांतरकार समोरच्याच पानाचं करतो आणि मागचं पान राहून जातं.

नावाच्या स्पेलिंगचा गोंधळ अरबी, फारसी आणि सिरिलिक लिपीच्या कागदांत हमखास होतो. न्यायालयात शपथ घेतलेले जर्मन भाषांतरकार लिप्यंतराचे आंतरराष्ट्रीय मानक वापरतात, तर निवास-कार्डावर पासपोर्टातलं स्पेलिंग असतं. मग एकाच माणसाची दोन नावं दिसतात आणि फाइल अडकते. उपाय सोपा आहे: भाषांतर करायला देतानाच निवास-कार्डाची प्रत द्यायची आणि पासपोर्टातलं स्पेलिंग टीप म्हणून घालायला सांगायचं. नंतर दुरुस्त करायला गेलं, तर पुन्हा पैसे आणि पुन्हा दोन आठवडे. मूळ कागद पोस्टाने कुठेही पाठवू नयेत. आश्रयाच्या प्रक्रियेत ते सरकारी कार्यालयात जमा असतील, तर तिथून प्रमाणित प्रती मागून घ्याव्यात.

आता ज्यांच्याकडे कागदच नाहीत त्यांच्याविषयी, कारण या व्यवस्थेचा सर्वांत चांगला भाग तोच आहे. शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ३ डिसेंबर २०१५ ला ठराव करून तीन पायऱ्या ठरवल्या. आधी निवासाच्या दर्जावरून माणूस या सवलतीत बसतो का ते पाहायचं. मग त्याची शैक्षणिक हकीकत पटण्यासारखी आहे का हे तपासायचं: किती वर्षं शाळा, कोणते विषय, परीक्षा कोणत्या साली, कॉलेजचं ओळखपत्र किंवा फीची पावती असं काही हाती आहे का. आणि शेवटी परीक्षा घेऊन पात्रता ठरवायची. ही परीक्षा म्हणजे कुठे टेस्ट-एएस नावाची अभियोग्यता चाचणी, कुठे पूर्वतयारी वर्गाची अंतिम परीक्षा, कुठे विद्यापीठाची स्वतःची. माणसाचा शब्द आधी ऐकून घ्यायचा आणि मग त्याची परीक्षा पाहायची, ही पद्धत मनापासून पसंत पडावी अशी आहे.

अडचण अंमलबजावणीत आहे. एका विद्यापीठाने पात्र ठरवलं, म्हणून दुसरं ठरवेलच असं नाही. राज्यागणिक, विद्यापीठागणिक रीत वेगळी. त्यामुळे पाच ठिकाणी सरसकट अर्ज टाकण्यापेक्षा दोन विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय कक्षाला आधी ईमेल करून 'कागद नसतील तर तुमच्याकडे काय पद्धत आहे' असं विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. हकीकत लिहिताना साल-महिने आश्रयाच्या मुलाखतीत सांगितलेल्यांशी जुळायला हवेत. आणि कागद मिळवण्यासाठी मायदेशाच्या दूतावासात जाण्याआधी आश्रय-कायद्याच्या सल्लागाराला विचारावं. मान्यताप्राप्त निर्वासिताने आपणहून मायदेशाच्या सरकारकडे जाणं, विशेषतः तिथला पासपोर्ट घेणं, त्याच्या दर्जावर येऊ शकतं. कारिटास, डिआकोनी यांसारख्या संस्थांत हा सल्ला मोफत मिळतो.

भाषा

सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये भाषेचे ६०० तास आणि देशाच्या ओळखीचे १०० तास असतात, आणि तो बी-१ पातळीवर, म्हणजे भाषेच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्यांतल्या तिसरीवर, संपतो. जर्मन माध्यमातल्या पदवीला लागते सी-१. पुण्यात मॅक्स म्युलर भवनाच्या पायऱ्या चढलेल्यांना हे अंतर ठाऊक आहे. बी-१ पर्यंत माणूस दुकानात आणि दवाखान्यात निभावून नेतो. सी-१ ला पाठ्यपुस्तकातला परिच्छेद ऐकून त्याचा गोषवारा लिहायचा असतो, आलेख पाहून त्यावर युक्तिवाद करायचा असतो. मधल्या दोन पायऱ्यांना प्रत्येकी ४०० ते ५०० तास लागतात, आणि तो वर्ग कोण देणार, त्याचे पैसे कोण भरणार, याला सगळीकडे लागू होईल असं एक उत्तर नाही. म्हणूनच या भागाला सर्वांत कमी गुण.

इथला मोठा सापळा प्रमाणपत्राच्या नावात आहे. जॉबसेंटर (नोकरी आणि भत्त्याचं सरकारी कार्यालय) किंवा स्थलांतर कार्यालयामार्फत मिळणारे बी-२ आणि सी-१ चे वर्ग नोकरीसाठीचे असतात. त्यांच्या शेवटी नोकरीसाठीची 'बेरूफ' परीक्षा होते; पूर्वी ती टेल्क या परीक्षा-संस्थेची 'सी-१ बेरूफ' असायची, आता 'डॉइच-टेस्ट फ्युर डेन बेरूफ' असते. बेरूफ म्हणजे व्यवसाय. विद्यापीठांना हवी असते टेल्कची 'सी-१ होखशूल', म्हणजे उच्च शिक्षणासाठीची. पातळी एकच, पण बेरूफवाला कागद बहुतेक विद्यापीठं प्रवेशासाठी धरत नाहीत. सहा महिने मेहनत करून हाती भलताच कागद आलेली मुलं खरोखर खचतात. वर्गात नाव घालण्याच्या दिवशीच परीक्षेचं पूर्ण नाव विचारावं. वर्ग बेरूफचाच मिळत असेल तर तो जरूर करावा, भाषा तीच असते. फक्त शेवटची परीक्षा वेगळी द्यायची आहे हे धरून चालावं.

विद्यापीठांना चालणाऱ्या परीक्षा मुख्यतः तीन: डीएसएच, टेस्टडाफ आणि टेल्क सी-१ होखशूल. डीएसएच विद्यापीठ स्वतः घेतं. ५७ टक्क्यांना पहिली श्रेणी, ६७ ला दुसरी, ८२ ला तिसरी. बहुतेक अभ्यासक्रमांना दुसरी पुरते. पण डीएसएचला बसायला अनेकदा त्याच विद्यापीठाचा सशर्त प्रवेश हातात असावा लागतो. टेस्टडाफला असली अट नाही, ती कुणालाही देता येते. वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं या चारही भागांत टीडीएन-४ (टेस्टडाफची ३ ते ५ मधली चौथी पातळी) मिळालं की निश्चिंत. एका भागात ३ आणि दुसऱ्यात ५, पण चारही भागांची बेरीज १६ होत असेल तर काही विद्यापीठं मान्य करतात, काही नाही. मुलं बहुधा लेखनात घसरतात, कारण इंटिग्रेशन कोर्समध्ये लेखन म्हणजे पत्र आणि ईमेल. आलेखाचं वर्णन करायला तिथे कुणी शिकवत नाही. बी-२ पासूनच आठवड्याला एक आलेख-वर्णन लिहून कुणाकडून तपासून घेण्याचा उपयोग महागड्या पुस्तकांपेक्षा जास्त होतो.

या अंतरावर पूल बांधण्याचं चांगलं काम डाड या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेने केलं. २०१६ पासून 'इंटेग्रा' कार्यक्रमातून विद्यापीठांना पैसे मिळाले आणि आवारातच निर्वासितांसाठी सी-१ पर्यंतचे मोफत वर्ग उभे राहिले. आवारात शिकण्याचा फायदा भाषेपुरता नाही: ग्रंथालयाचं कार्ड, स्वस्त जेवणाचं मेन्झा, वरच्या वर्गातला सोबती, आणि डीएसएच तिथेच. असा वर्ग जवळच्या विद्यापीठात असेल, तर तोच पहिली निवड ठरवावी. मात्र सरकारी निधी कमी-जास्त झाला की हे वर्ग आकसतात किंवा बंद होतात, म्हणून मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नये.

पूर्वतयारीच्या वर्गाला, म्हणजे श्टुडियनकोलेगला, प्रवेशपरीक्षा असते आणि त्यालाही बी-१ ते बी-२ जर्मन लागतं. दोन सत्रांचा अभ्यास: तांत्रिक विषयांना टी, वैद्यक आणि जीवशास्त्राला एम, अर्थशास्त्राला डब्ल्यू, मानव्यविद्यांना जी, भाषांना एस. गट चुकीचा निवडला तर पुढे विषय बदलणं सहसा अवघड जातं. आनाबिनने थेट प्रवेश दिला असला, तरी शाळा सुटून सहा-सात वर्षं झाली असतील तर गणितासाठी हे वर्ष वाया जात नाही. अभियांत्रिकीत पहिल्या सत्राच्या गणितात गळती मोठी असते.

पैसे

शिकवणी फी नाही, पण दर सत्राला साधारण १०० ते ४०० युरो अंशदान भरावं लागतं; त्यात बहुधा प्रवासाचा पास असतो. बाडेन-वुर्टेमबेर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सत्राला १,५०० युरो घेतं, मात्र मान्यताप्राप्त निर्वासितांना त्यातून सूट आहे. सूट मागायचा फॉर्म नोंदणीच्या वेळीच द्यायचा.

राहण्या-खाण्याला बाफ्योग, म्हणजे सरकारी विद्यार्थी-साहाय्य. २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून त्याची कमाल रक्कम महिना ९९२ युरो झाली. ब्लॉक्ड अकाउंटचे ११,९०४ याच आकड्याची बारापट आहेत. महिन्याच्या ९९२ मध्ये ४७५ मूळ गरजेचे, ३८० घरभाड्याचे आणि १३७ विम्याचे. निम्मी रक्कम अनुदान, निम्मी बिनव्याजी कर्ज, आणि परतफेड कितीही झाली तरी १०,०१० युरोंवर जात नाही. वयाची मर्यादा ४५ आहे, त्यामुळे तिशीत पुन्हा सुरुवात करणाऱ्यांनाही जागा आहे.

कुणाला मिळतं? मान्यताप्राप्त निर्वासित, दुय्यम संरक्षण मिळालेले आणि निवास-कायद्याच्या कलम २४ खाली तात्पुरतं संरक्षण मिळालेले युक्रेनचे लोक यांना पहिल्या दिवसापासून. डुल्डुंग, म्हणजे परत पाठवणं फक्त तहकूब असलेल्यांना १५ महिन्यांच्या वास्तव्यानंतर. आश्रयाचा निकाल लागायचा असेल, तर बाफ्योग सहसा नाही. पूर्वी अशा मुलांचा आश्रयार्थी भत्ताही काही काळानंतर शिक्षण सुरू केलं म्हणून बंद व्हायचा. म्हणजे शिकलं तर उपाशी, नाही शिकलं तर भत्ता. ही खोट २०१९ च्या दुरुस्तीने बरीच भरून काढली. प्रवेशाच्या अर्जाला मात्र निकाल लागलेला असण्याची गरज नाही, आणि हे ठाऊक नसल्यामुळे लोक वर्षं घालवतात.

जॉबसेंटरकडून बाफ्योगकडे जाताना सांधा निखळतो. भाषेचा वर्ग चालू असताना जॉबसेंटर भत्ता देतं, प्रत्यक्ष घरभाडं आणि विमा वेगळा. विद्यापीठात नाव घातलं, की तो भत्ता बंद होतो आणि सगळं ९९२ मध्ये बसवायचं असतं. म्युनिक किंवा फ्रांकफुर्टमध्ये ३८० युरोंत खोली मिळत नाही. म्हणजे प्रवेश मिळाल्याच्या आनंदाच्या महिन्यातच हातातले पैसे कमी होतात. म्हणून प्रवेश निश्चित होण्याआधीच, अर्जाच्या आठवड्यात, विद्यार्थी वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत नाव घालावं. शहर निवडताना विद्यापीठाच्या नावाआधी भाडं पाहावं. केम्निट्स, माग्डेबुर्ग, झीगन अशा ठिकाणी हा हिशेब बराच सुसह्य होतो.

बाफ्योग मागच्या महिन्यांचं मिळत नाही, अर्ज दिला त्या महिन्यापासूनच मिळतं. सगळे फॉर्म जमेपर्यंत थांबलात तर महिना गेला. साध्या कागदावर नाव, पत्ता, विद्यापीठ, विषय आणि 'मी बाफ्योगसाठी अर्ज करत आहे' एवढं लिहून, सही करून महिना संपायच्या आत द्यावं, पोच घ्यावी आणि फॉर्म मागाहून जोडावेत. पहिल्या अर्जावर सहा आठवड्यांत निर्णय किंवा दहा आठवड्यांत पैसे देणं कार्यालयाला शक्य नसेल, तर अपेक्षित रकमेच्या चार पंचमांश आगाऊ मिळण्याची तरतूद आहे, ती मागावी. सुरुवातीच्या महिन्यापुरतं जॉबसेंटर कर्ज देऊ शकतं.

आई-वडिलांच्या उत्पन्नाचा फॉर्म पाहून अनेक जण अर्जच सोडतात. ते बेपत्ता असतील, किंवा मायदेशातून खर्च पाठवणं त्यांना प्रत्यक्षात शक्य नसेल, तर त्यांचं उत्पन्न हिशेबात धरत नाहीत. तसं निवेदन लिहून द्यावं लागतं. चौथ्या सत्राच्या शेवटी अभ्यास वेळेत चालल्याचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर पैसे थांबतात. परक्या भाषेत शिकणाऱ्याला ही मुदत कडक आहे. आजारपण किंवा अपत्य असल्यास वाढवून मिळते, पण मागितल्याशिवाय नाही.

जॉबसेंटरमधला अधिकारी 'आधी नोकरी धर' म्हणतो, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्याच्या हाती लेखी योजना द्यावी: कोणता वर्ग, कोणती परीक्षा, कोणत्या सत्रात प्रवेश. ती जॉबसेंटरच्या सहकार्य-आराखड्यात लिहून घेतली, की दर भेटीत तोच वाद होत नाही. दुसऱ्या राज्यात प्रवेश मिळाला आणि तीन वर्षं नेमून दिलेल्या राज्यातच राहण्याचं बंधन असेल, तर शिक्षणासाठी ते उठवून मिळतं. मात्र घर बदलण्याआधी परवानगी हातात हवी.

दोन नावं वारंवार विचारली जातात. २०१५ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेलं किरोन कागद न मागता ऑनलाइन अभ्यासक्रम देतं. सवय टिकवायला चांगलं, पण त्याच्या भरवशावर पदवीचा बेत आखू नये. ते स्वतः पदवी देत नाही. दुसरं डाफी शिष्यवृत्तीचं. १९९२ पासून तिला जर्मन सरकार पैसे देतं, पण ती जर्मनीत शिकण्यासाठी नाही. केनिया, युगांडा, जॉर्डन अशा आश्रयदात्या देशांतच पदवी घेणाऱ्या निर्वासितांसाठी ती आहे, आणि निवड संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था करते.

वेळेचा खरा हिशेब असा. सप्टेंबरमध्ये बी-१ हाती आलं, तर बी-२ मार्चपर्यंत, सी-१ पुढच्या शरदात, टेस्टडाफ नोव्हेंबरच्या सुमारास. १५ जानेवारीची मुदत उन्हाळी सत्राची, पण पदवीचे बरेच विषय फक्त ऑक्टोबरमध्ये सुरू होतात, म्हणून १५ जुलैची वाट पाहावी लागते. पहिलं व्याख्यान बी-१ नंतर दोन वर्षांनी. यातलं एक वर्ष वाचवायचं, तर बी-२ वर सशर्त प्रवेश देऊन स्वतःच्या वर्गात डीएसएचपर्यंत नेणारं विद्यापीठ शोधावं. मार्चमध्ये बी-२ झालं, की एप्रिलमध्ये युनी-असिस्टकडे कागद, १५ जुलैआधी विद्यापीठाचा अर्ज, सप्टेंबरमध्ये डीएसएच. युनी-असिस्टला तपासणीसाठी सहा ते आठ आठवडे मोकळे ठेवायचे, म्हणजे मेच्या मध्यानंतर पाठवलेली फाइल जुलैत पोचेलच याची खात्री नाही.